किंजळावरची शीळ

आमच्या वाड्यावर रस्ता येणार, रस्ता येणार, हे मी परकरात होते तेव्हापासून ऐकत आले. शेवटी तो मंजूर झाला आणि अडला कशावर, तर एका पाखरावर. एखादा साहेब आडवा आला असता तर मी तोंड सोडलं असतं, आणि तोंड सोडण्यात मला वाड्यावर कुणी हरवत नाही. पाखरापुढं तोंड सोडून काय उपयोग?

आमचा धनगरवाडा घाटमाथ्यावर आहे. घरं थोडी, म्हशी जास्त. खालच्या गावाला जायचं तर रानातून उतरणारी पायवाट, तीही पावसात अर्धी वाहून जाते. माणूस आजारी पडला की घोंगडीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि आळीपाळीनं खांदा द्यायचा. माझ्या नवऱ्याला, नवलूला, असंच नेलं होतं. गव्यानं त्याच्या पोटात शिंग घातलं होतं. ओढ्यापाशी झोळी टेकवली तेव्हा त्यानं पाणी मागितलं. मी ओंजळ भरून आणली तर प्यायला तो नव्हताच. मग खालच्या लोकांना जाग आली, फोटो छापून आले, मोर्चा निघाला आणि रस्ता मंजूर झाला. तो रस्ता नवलूच्या मरणावर मिळालाय असं मी तोंडावर म्हणायची. ऐकणाऱ्याला कडू लागायचं, पण मी काय करू.

आता पाखराचं सांगते. आमच्या रानात झाडांना कान बांधलेत. कान म्हणजे तळहाताएवढी हिरवी डबी, वर उन्हावर चालणारी पट्टी, खाली बारीक जाळी. ती दिवसरात्र ऐकते आणि ऐकलेलं शहरातल्या यंत्राकडं पाठवते. यंत्र आवाजाचं चित्र काढतं. आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली, थांबला की मधे मोकळी जागा. प्रत्येक पाखराचं चित्र वेगळं, जशी भाकरी बघून ती कुठल्या घरात थापली ते आम्हाला कळतं. यंत्रानं जगभरच्या पाखरांची चित्रं पाहून ठेवलीत, म्हणून ते क्षणात सांगतं, हा तांबट, हा सुभग. हे मला ठाऊक, कारण त्या डब्या पुसायचं काम माझ्याकडं आहे. दहावीपर्यंत शिकलेली वाड्यावर मी एकटीच, म्हणून मिळालं.

या कानांचा कायदा असा की रानात काही बांधायचं तर आधी एक हंगाम कानांनी ऐकायचं. दुर्मीळ पाखरू निघालं तर काम बदलायचं. आणि यंत्र 'अनोळखी' म्हणालं, म्हणजे असा आवाज जगात कुठंच ऐकलेला नाही असं म्हणालं, तर माणसानं त्या पाखराचा छडा लावेपर्यंत काम बंद. कायद्याला मी नावं ठेवणार नाही. शेजारच्या डोंगरावरची खाण याच कायद्यानं थांबली, तेव्हा आम्ही गूळ वाटला होता.

आणखी एक नियम आहे. माणसाचा आवाज ठेवायचा नाही. सुरुवातीला लोकांनी ओरड केली होती की सरकार आमच्या गप्पा ऐकतंय. म्हणून माणसाचा शब्द आला की डबी तो जागच्या जागी पुसून टाकते, आणि यंत्रालाही शिकवताना माणसाचं काहीच ऐकवलेलं नाही. त्याला बेडूक कळतो, खार कळते, पानावरचा किडा कळतो. एक माणूस तेवढा कळत नाही.

ऐकायचा हंगाम संपत आला तेव्हा नंदिनी मॅडम वर आल्या. त्या पाखरांच्या आवाजावर शिकलेल्या, कोल्हापूरच्या. बाई चांगली, जमिनीवर बसून आमची ताक-भाकरी खाणारी. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. रस्ता जिथं वळतो त्या घळीतल्या किंजळांच्या झाडांत एक अनोळखी आवाज सापडला होता, रोज पहाटे, अगदी स्वच्छ. कदाचित जगाला नवं पाखरू मिळेल असं त्या म्हणाल्या, आणि आमची तोंडं उतरलेली बघून गप्प झाल्या.

त्यांची माणसं दुर्बिणी घेऊन धुक्यात बसली. त्यांना रोजचीच पाखरं दिसली. बुलबुल दिसले, शेपटीला दोन लांब पिसं लोंबणारा काळा भीमराज दिसला. माणूस जवळ गेला की ती शीळ बंद, आणि दिसणारं प्रत्येक पाखरू ओळखीचं, त्यामुळं कुणी त्यांच्याकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही. शेवटी मॅडमनी ठरवलं की वाड्याला विचारावं. धाकूभावजींच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि एका छोट्या कर्ण्यावर आवाज लावला. धाकूभावजी म्हणजे नवलूचे चुलतभाऊ, त्याच्याच वयाचे. वाड्यावर त्यांचा शब्द चालतो.

मी हाताची घडी घालून भांडायच्या तयारीत उभी होते. आवाज सुरू झाला. एक लांब चढ, मग दोन तुटक उतार, मग एक स्वर धरून ठेवलेला आणि शेवटी हवा फुर्र निसटलेली.

ती हवा का निसटते ते मला माहीत होतं. नवलूचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता.

मी घडी सोडली नाही. तेवढ्यात कुडाच्या मागून धडपड ऐकू आली आणि आमची चांदरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी म्हैस, कूड मोडून अंगणात आली. नवलू गेल्यावर बाकीच्या म्हशी मी विकल्या, ही तेवढी राहिली. ती सरळ कर्ण्यापुढं जाऊन उभी राहिली आणि मिठासाठी मान पुढं केली. मॅडम हसल्या, हिला गाणं आवडलेलं दिसतंय म्हणाल्या. बाकी कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. कुणाला ओळखीचं वाटतं का असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि धाकूभावजी म्हणाले, न्हाई.

इथं आमची रीत सांगायला हवी. आमच्यात प्रत्येक गड्याची म्हशी बोलवायची शीळ वेगळी असते. बापाची शीळ घ्यायची आणि तिला आपलं एक वळण द्यायचं. गडी मेला की बाराव्याला घरच्या बाईनं म्हशींना मीठ चारायचं आणि दुसऱ्या कुणाच्या शिळेला लावून द्यायचं. त्यानंतर मेल्याची शीळ कुणी उचलायची नाही. पोरंही नक्कल करत नाहीत. तिच्याबद्दल बोलायचं झालं तरी त्या घरानंच बोलायचं, दुसऱ्यानं नाही.

मला वाटलं, लोक विसरले. दोन पावसाळे होऊन गेले, कुणाला कुणाची शीळ आठवते. चांदरीचं काय, ती मिठाला हपापलेलीच असते. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो बघा.

कोण पाखरू ते मला त्याच घटकेला कळलं होतं. भीमराज. तो जात्याच नकला करणारा. गरुडाचा आवाज काढून दुसऱ्या पाखरांना पळवतो आणि त्यांचा किडा खातो. नक्कल तो आपल्या पिल्लांनाही शिकवतो. मॅडमच्या यंत्रालाही भीमराज माहीत होता, पण तो ज्याची नक्कल करायचा ते दुसरं पाखरू यंत्राच्या चित्रांत असायचं, म्हणून त्याची चोरी पकडली जायची. इथं ज्याची नक्कल केली होती तो माणूस होता, आणि शिळेत शब्द नसल्यानं डबीनं ती पुसलीही नव्हती. नवलू वर्षानुवर्षं, आणि तो एकटाच, त्या किंजळांखाली म्हशी गोळा करायचा. घरी येऊन म्हणायचा, वर एक काळा बसतो, माझी नोकरी घेतोय बघ तो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच घळीच्या अलीकडं जाऊन बसले. धुकं होतं. पलीकडच्या किंजळाच्या शेंड्यावरून शीळ आली. अंगावर काटा आला असं लोक म्हणतात, माझं तसं नाही झालं. मला नुसतं बरं वाटलं. तो पलीकडं आहे, म्हशी गोळा करतोय आणि आता घरी येऊन चहा मागणार, इतकं साधं वाटलं. मग मी रोज जायला लागले. फोनवर आवाज धरायचा खटाटोप केला, तर त्यात वारा, रातकिडे आणि माझाच श्वास.

घरी आत्या होती. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्यात आत्याच्या घरी देतात. नवलू गेल्यापासून तिनं अंथरूण धरलं होतं. त्या दिवसांत ती उठून बसायला लागली. मी घळीवरून परत यायची तेव्हा ही उंबऱ्यावर, कान दरीकडं लावून, समोर ताटलीत चांदरीचं मीठ. आम्ही एकमेकींना एका शब्दानं काही विचारलं नाही. चुलीजवळ बसून दोघी चहा प्यायचो. खरं सांगते, नवलू गेल्यानंतर आम्ही दोघी सुखात होतो ते तेवढेच दिवस.

इकडं रस्ता खोदायचं यंत्र घाटाच्या तोंडाशी येऊन गंजत होतं. ज्याच्या मरणानं रस्ता आला त्याच्याच शिळेनं तो थांबवला होता, आणि ते जाणणारी मी एकटी, असं मी धरून चालले होते.

धाकूभावजींची सून प्रणाली दिवसांत होती. तिचं पहिलं मूल वाटेतच गेलं होतं, झोळीत. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की कळा सुरू झाल्या की तासाभरात दवाखान्यात हवी. खाली त्यांचं नात्याचं कुणी नाही, माहेर असल्याच दुसऱ्या वाड्यावर. पावसाळ्याच्या आत निदान कच्चा रस्ता झाला असता तर गाडी दारात आली असती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिच्या घरावरून जाताना पाय उचलून चालायची.

एका दुपारी तशीच निघाले होते. धाकूभावजी अंगणात बसून कोयत्यानं नवा बांबू तासत होते. पेरं सपाट करून, हाताला कुठं कूस लागत नाही ना हे चाचपत. एका बाजूला नवी घोंगडी घडी करून ठेवलेली. नवलूला नेलं त्याचा बांबू याच माणसानं तासला होता, तो पण गडबडीत, ओबडधोबड. खांद्याची सालटी निघाली होती सगळ्यांच्या. या वेळी ते आधीपासून, निवांत तासत होते.

मी थांबले. हे कशाला, असं विचारलं. असंच, म्हणाले, असावा एक घरात. मान वर केली नाही. मला सगळं एकदम कळलं.

"भावजी, तुमाला ठाऊक हाय."

"चांदरी अंगणात आली तवाच समद्यांना कळलं, वहिनी."

"मग बोलला का न्हाई त्या मॅडमला?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. "शीळ तुमच्या घरची. आमी कोन उचलनार?"

दारात प्रणाली उभी होती, पोटावर हात ठेवून. तिनं माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर मी सुटले असते. मीही चार शब्द ऐकवले असते. तिनं मला बसायला पाट दिला आणि आत जाऊन पाणी आणलं. तेवढे आठवडे साऱ्या वाड्यानं तोंड शिवून घेतलं होतं, माझ्यासाठी. आणि मी समजत होते की मी गुपित सांभाळतेय. पाणी प्यायले कशीबशी आणि घरी आले.

आत्याला मी काही सांगायची गरज नव्हती. माझं तोंड बघूनच तिनं ओळखलं. मी नुसतं एवढं म्हणाले की प्रणालीसाठी नवा बांबू तासतायत. तिनं तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाली, "माज्या लेकाला मी किती येळा पोचवायचा गं?" आम्ही दोघी रडलो, पण जवळजवळ बसून नाही. ती उंबऱ्यावर, मी चुलीपाशी.

मॅडम शाळेच्या खोलीत उतरल्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, दाताचं, चांदरीचं, रीतीचं. त्या ऐकत राहिल्या. नवं पाखरू हातचं गेलं म्हणून त्यांना वाईट वाटलं असणार, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पहाटे माझ्याबरोबर आल्या, या वेळी अलीकडच्या काठावर माझ्या जागेवर निजून, दुर्बीण लावून. धुकं जरा फाटलं आणि किंजळाच्या शेंड्यावर काळा भीमराज दिसला. त्यानं चोच उघडली आणि नवलूची शीळ घातली. मॅडमनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी घेतली नाही. मला तो पाखरू म्हणून बघायचा नव्हता.

मग खोलीवर आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती कशी सांगावी ते कळत नव्हतं. यंत्रात आता या आवाजापुढं 'माणूस' असं घालावं लागेल. नक्कल पाखरानं केली तरी आवाज माणसाचाच, एका ओळखता येणाऱ्या माणसाचा, असं कायदा धरतो. एकदा तसं घातलं की यंत्र मागचं सगळं पुसणार, हंगामभर गोळा झालेल्या सगळ्या पहाटा. पुढंही कुठल्याही कानात ही शीळ आली की तिथल्या तिथं पुसणार. पुरावा म्हणून तो मोहरबंद, त्याची नक्कल काढायला कायद्यानं बंदी, फोनवर धरायलाही, आणि ती त्यांनाही.

"भागूताई, 'अनोळखी पक्षी' म्हणून राहिला तर आवाज राहील," त्या म्हणाल्या. "ओळख दिलीत तर जाईल. आणि घळीतली झाडं तर पडणारच. नीट विचार करा."

म्हणजे झाडावरचाही जाणार आणि डबीतलाही. माझ्याकडं नवलूचा दुसरा आवाज नाही. लग्नाच्या व्हिडिओत आहे तो, पण वाजंत्रीपुढं नुसती मान डोलावणारा. मी म्हणाले, एकदा ऐकू द्या. त्यांनी लावला आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी ऐकला. लांब चढ, दोन उतार, धरलेला स्वर, फुर्र. मी त्या यंत्राला, मूर्खासारखी, आले आले असं म्हणाले. तो शीळ घालायचा तेव्हा चुलीवरचं सोडून मी तसंच म्हणायची.

मॅडम आत आल्या तेव्हा मी पदरानं तोंड पुसलं होतं.

"लिवा," मी म्हणाले. "ह्यो माज्या नवऱ्याचा आवाज हाय."

त्यांनी ते घातलं. पडद्यावर आवाजाच्या चित्रांची मोठी रांग होती, ती बघता बघता मोकळी झाली. भांडं विसळायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

पुढच्या आठवड्यात झाडं पडली. मी बघायला गेले नाही, पण किंजळ पडतो तेव्हा घरातल्या मडक्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दरी गप्प होती. आत्या तरीही उंबऱ्यावर येऊन बसली, ऊन चढेपर्यंत बसली आणि मग आत जाऊन पडली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. काही सांगायचं असलं तर चांदरीला सांगायची. चांदरे, तिला सांग मीठ संपलंय. चांदरे, तिला म्हणावं भाकरी कच्ची राहिली. मीही चांदरीलाच उत्तर द्यायची. म्हातारी म्हैस मधे उभी राहून दोघींचं ऐकून घ्यायची.

रस्ता झाला, कच्चा, लाल मातीचा. पाऊस पडायच्या सुमाराला प्रणालीला कळा आल्या आणि पांढरी गाडी तिच्या दारापर्यंत आली. ओढ्यावरून आता पूल गेलाय, गाडी तिथं थांबतही नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप. धाकूभावजींनी त्या नव्या बांबूचे दोन तुकडे करून पाळण्याला लावले आणि बारशाला पहिली ओटी मला भरू दिली. मी पोरीला मांडीवर घेतलं, तिचं वजन जाणवलं आणि मला आनंद झाला. घरी येताना रस्त्याच्या वळणावर, जिथं किंजळ होते तिथं, मला रडू आलं. दोन्ही खरं होतं. एकानं दुसरं पुसलं गेलं नाही.

थंडीत नंदिनी मॅडमचा फोन आला. त्या दरीपलीकडच्या, आमच्या डोळ्यांना निळ्या दिसणाऱ्या डोंगरावर नवे कान बांधत होत्या. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाल्या, सांगावं की नाही कळत नाही. तिथली एक डबी रोज पहाटे काहीतरी पुसते. 'माणसाचा आवाज, काढून टाकला,' एवढंच कळवते. काय पुसलं ते त्यांना ऐकता येत नाही, कुणालाच कधी येणार नाही.

"आणि तिथं तर माणूसच राहत नाही हो," त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला. आत्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. मी चांदरीला मधे न घेता सरळ तिच्यापुढं जाऊन बसले आणि मॅडम बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं. तिचे हात सुपात थांबले. डोळे बारीक करून ती पलीकडच्या डोंगराकडं बघत राहिली. मग कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलली.

"तिकडं वाडा न्हाई न्हवं कुनाचा?"

"न्हाई, आत्या. कुनीच न्हाई."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तिकडं कुनाला रस्ता नको."

तिनं सूप बाजूला सारलं, मला हात धरून उठवायला लावलं आणि चांदरीच्या ताटलीत मीठ घालायला आत गेली.